काऊने नेली

बाटली काऊने नेली, असं मी बंडूला सांगितलं तेव्हा तो एक वर्ष दहा महिन्यांचा होता. ठरवून खोटं बोलले नव्हते. रात्रीचे साडेनऊ झालेले, तो उशीला गाल लावून, एक हात पुढे करून 'बाबू, बाबू' करत होता (बाटलीला तो बाबू म्हणे), आणि मी दारात रिकाम्या हाताने उभी. काहीतरी सांगणं भाग होतं. तोंडातून निघालं ते हे. काऊने नेली. भुर्र.

पुढचे आठ-दहा दिवस आमच्या डोंबिवलीच्या घराच्या गॅलरीत तो ग्रिल धरून उभा राहायचा. समोरच्या गुलमोहरावर कावळा बसला की ओरडायचा, "दे! बाबू दे!" कावळा मान वाकडी करून त्याच्याकडे बघे आणि उडून जाई. सासूबाई म्हणाल्या, "अगं, त्या बिचाऱ्या पक्ष्यावर कशाला आळ घेतलास? आता पितृपक्षात कुठल्या तोंडाने बोलवायचं त्याला?"

खरंच होतं त्यांचं. वर्षभर याच मुलाला याच कावळ्याच्या नावाने जेवू घातलं होतं. हा चिऊचा घास, हा काऊचा, हा माऊचा. चिऊ तर आमच्या भागात आता फारशी दिसतही नाही, म्हणजे सगळी भिस्त काऊवर. ज्याच्या नावावर मूल पोसलं त्याच्याच माथी चोरी मारली.

पण गोष्ट तिथून सुरू होत नाही. बाटली आमच्याकडे बरीच उशिरा आली. तिच्याआधी वाटी आली होती.

बंडू तिसऱ्या दिवशी पिवळा पडला. नवजात बाळांना होते तीच कावीळ, फार घाबरण्यासारखं नव्हतं, पण त्याला दोन दिवस निळ्या दिव्यांखाली ठेवलं. डोळ्यांवर पट्टी, अंगावर फक्त लंगोट, आणि मी टाके सांभाळत पलीकडच्या खोलीत. दूध काढून स्टीलच्या वाटीत द्यायचं. त्या विभागाच्या दारावर सूचना लावली होती, बाटली आणि बूच आत आणू नये. मला वाटलं स्वच्छतेचा काहीतरी नियम असेल. मग सिस्टर त्याला पाजताना एकदा बघितलं. तिने त्याला मांडीवर जवळजवळ बसतं धरलं, मानेमागे हात दिला आणि वाटीचा काठ खालच्या ओठावर नुसता टेकवला. ओतलं काहीच नाही. दूध ओठापर्यंत आलं आणि थांबलं. आणि त्या तीन दिवसांच्या गोळ्याने जीभ बाहेर काढली, मांजरीच्या पिल्लासारखी, आणि लपलप करून दूध ओढायला लागला. दोन थेंब आत, एक थेंब हनुवटीवर, मग विश्रांती. सिस्टर म्हणाली, "घाई करायची नाही. तो पितो, आपण पाजत नाही."

ते वाक्य मी तेव्हा कानाआड केलं. टाके दुखत होते.

घरी आल्यावर आईने, म्हणजे माझ्या साताऱ्याच्या आईने, ही गोष्ट ऐकून काही नवल केलं नाही. "आमच्यात बोंडल्याने पाजायचे," म्हणाली. बोंडलं म्हणजे एका अंगाला चोच काढलेली लहानशी वाटी, कुणाकडे पितळेची, ऐपत असेल तर चांदीची. तमिळनाडूत तिला पालाडै म्हणतात. आईचं दूध ओढायची ताकद नसलेल्या अशक्त बाळांसाठी आपल्याकडची रुग्णालयं आजही ती वापरतात. हे वाचून जुनं ते सोनं वगैरे म्हणण्याच्या बेतात मी होते, तेवढ्यात आईने पुढचं सांगितलं. बोंडल्याने एरंडेलही पाजायचे. बाळाला पायांवर आडवं घालायचं, नाक चिमटीत धरायचं, चोच तोंडात खुपसायची आणि ओतायचं. ठसका लागला तर पाठ थोपटायची. म्हणजे भांडं कितीही चांगलं असो, ते कुणाच्या हातात आहे आणि त्या हाताला किती घाई आहे, यावर सगळं.

घाई माझ्याकडे भरपूर होती. २०१७ पासून बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची झाली, याबद्दल मी कृतज्ञच आहे. माझ्या आईला तीन महिने मिळाले होते. पण माझ्या २६ मधले तीन आठवडे बाळ व्हायच्या आधीच संपले. उरले तेवीस. म्हणजे बंडू सव्वापाच महिन्यांचा असताना मी पुन्हा सकाळच्या फास्ट लोकलला लटकले. सहा महिने फक्त अंगावरचं दूध, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आपले डॉक्टर सांगतात, दवाखान्याच्या भिंती सांगतात. माझी रजा त्यांच्या सांगण्याला तीन आठवडे कमी पडली. पन्नास किंवा अधिक माणसं कामाला असतील तिथे पाळणाघराची सोय हवी, असंही त्याच कायद्यात आहे. आमच्या कार्यालयात सगळे मिळून चौदा जण.

पाळणाघर घराजवळच होतं. तिथल्या ताई प्रेमळ आणि स्पष्टवक्त्या. मी वाटी-चमचा घेऊन गेले तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघून एक दीर्घ श्वास घेतला. "अहो, माझ्याकडे सात मुलं आहेत. वाटी-चमच्याने एकेकाला पाजत बसले तर शेवटच्याचा नंबर यायला संध्याकाळ होईल. बाटली द्या." त्यांचं मला आजही चुकीचं वाटत नाही. दोन हातांच्या बाईने सात तोंडं सांभाळायची, तर बाटलीसारखी मदतनीस नाही. ती बाळ स्वतः धरतं, सांडत नाही, लवंडत नाही.

बाटली घ्यायला औषधाच्या दुकानात गेले तेव्हा एक गंमत कळली. दुधाच्या बाटलीची जाहिरात मी कुठेच पाहिली नव्हती. डायपरच्या जाहिराती आहेत, साबणाच्या आहेत, बाटलीची नाही. कारण आपल्याकडे १९९२ सालचा एक कायदा आहे. तान्ह्यांच्या दुधाची पावडर, त्यांचं डब्यातलं अन्न आणि दुधाच्या बाटल्या, या तिन्हींची जाहिरात करायला तो मनाई करतो. २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. कायद्याच्या नावातच बाटली आहे. पावडरीच्या डब्यावर आईचं दूध सर्वांत चांगलं, असं छापावं लागतं, फुकट नमुने वाटता येत नाहीत. एका बाटलीसाठी संसदेने कायदा का करावा, हे मला ती पहिल्यांदा घासताना कळलं. बुचाच्या आतल्या कडेला, आट्यांच्या खाचेत, मानेच्या वळणात दुधाचा असा एक पातळ थर धरतो की ब्रश घालून, उकळून, पुन्हा नाकाला लावून बघावं लागतं. माझ्याकडे गॅस होता, नळाला पाणी होतं, ब्रश होता. ज्या घरात हंडाभर पाणी लांबून येतं तिथे हीच बाटली जुलाब घेऊन येते. वाटीचं तसं नाही. तिला कोपरेच नाहीत. राखेने घासली तरी लख्ख.

तर बाटली आली. आणि मला ती आवडली. पाळणाघरासाठी घेतली, बाळासाठी घेतली असं मी दोन वर्षं सांगत होते, पण त्या बाटलीची गरज सगळ्यात जास्त मला होती.

तिच्या अंगावर रेघा असतात ना, साठ, नव्वद, एकशेवीस. मी हिशेबाच्या कामातली बाई. दिवसभर दूर असलेल्या आईला मूल कसं आहे हे कळायचा दुसरा मार्ग नसतो. पाळणाघराच्या वहीत ताई लिहायच्या: ११ वाजता १२०, दोन वाजता ९०, पाच वाजता १५०. परतीच्या गाडीत दाराशी चेंगरून उभी असताना मी त्या आकड्यांची बेरीज करायची. साडेतीनशेच्या वर गेली की घाटकोपरलाच माझा जीव खाली बसायचा. वाटीला रेघा नसतात. वाटीतलं अर्धं पोटात गेलं की लाळेऱ्यावर, हे सांगायला कुणी नसतं. आणि अंगावर पिणाऱ्या बाळाने किती प्यायलं हे तर त्याचं तोच जाणे.

सहाव्या महिन्यात उष्टावण झालं. मामाने चांदीच्या वाटीतून सोन्याच्या अंगठीने खीर चाटवली, बंडूने ती थुंकली, फोटो छान आले. मग नाचणीचं सत्त्व, गुरगुट्या भात, मुगाची खिमटी, वर तुपाचा थेंब. आठव्या महिन्यात त्याला हातात काहीतरी हवं व्हायला लागलं. ताटलीत हात घालायचा, मूठ भरायची, आणि मूठ तोंडापर्यंत नेऊन मग ती उघडत नाही म्हणून रडायचं. हे वय तसंच असतं. सहा-सात महिन्यांत अख्ख्या पंजाने धरता येतं, नऊ-दहा महिन्यांत अंगठा आणि तर्जनी एकमेकींना भेटतात आणि चिमूट जमते. त्या दिवसांत त्याच्यासमोर मऊ उकडलेल्या गाजराच्या, बटाट्याच्या बोटाएवढ्या फोडी, घावनाचे तुकडे, पिकलं केळं ठेवायचं आणि हात मागे घ्यायचे, एवढंच काम होतं. आम्ही ते केलं नाही. त्याच्या मुठी पुसल्या, हात बाजूला धरले, आणि एक जण चमचा, एक जण मोबाईल, एक जण कावळा दाखवायला, अशा तिघांनी मिळून त्याला भरवलं. भराभर संपायचं. लादी कोरडी राहायची.

मराठीत बाळाच्या पहिल्या वर्षाची क्रियापदं बघा. पाजणे. भरवणे. निजवणे. न्हाऊ घालणे. बाळ यातल्या एकाही वाक्यात कर्ता नसतं. आई दूध पाजते, आजी घास भरवते, आत्या निजवते. बाळ फक्त द्वितीयेत-चतुर्थीत कुठेतरी पडलेलं असतं. त्याचं पिणं, जेवणं, झोपणं कधी सुरू होतं? मला वाटतं आपल्याकडे ते शक्य तितकं लांबवायची रीत आहे. पाच-सहा वर्षांच्या घोड्याला शाळेची गाडी आली म्हणून आजी मागे धावत घास भरवते, हे दृश्य कुठल्याही सोसायटीच्या फाटकाशी सकाळी बघायला मिळतं. आणि भरवण्यात प्रेम आहेच. माझ्या परीक्षेच्या दिवसांत आईने मला भरवलंय, मी विशीत होते. ते प्रेम मी नाकारत नाही. पण एवढ्या प्रेमात मुलाने वाक्यातली आपली जागा बदलायची कधी?

वर्ष उलटलं, मग आणखी चार महिने. अंगावरचं दूध कमी होत गेलं, बाटल्या वाढत गेल्या. घरचं गाईचं दूध, दिवसाला पाच बाटल्या, प्रत्येकी दोनशे मिली. एक लिटर. जेवायला मात्र तोंड फिरवायचा. मग काय, जेवला नाही तर निदान दूध तरी, म्हणून सहावी. बुचाचं भोक मी सुई तापवून मोठं केलं होतं, म्हणजे दुधात बिस्किट कुस्करून घालता यावं. हे मी कुणाला सांगत नसे. मग कळलं की आमच्या मजल्यावरच्या तिघींपैकी दोघींनी तेच केलं होतं.

डॉक्टरांना तो फिक्कट वाटला. रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ८.४. त्या वयाला अकराच्या आसपास हवं. डॉक्टर रागावले नाहीत, त्यांनी फक्त विचारलं की दिवसाला दूध किती. मी अभिमानाने आकडा सांगितला. आकडा माझ्याकडे तयारच असायचा. ते म्हणाले, "दुधात लोह जवळजवळ नसतंच. एक लिटर दूध प्यायल्यावर त्याच्या पोटात भाकरीला, डाळीला, पालेभाजीला जागा कुठे राहणार? अर्धा लिटर पुष्कळ झालं. आणि ते बाटलीतून नको." मग त्यांनी त्याचा वरचा ओठ अंगठ्याने उचलून दाखवला. पुढच्या दातांवर, हिरडीला लागून, खडूने ओढल्यासारखी पांढरी रेघ होती. एका दाताला ती तपकिरी होऊ लागली होती.

दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. बाटली तोंडात धरून झोपणाऱ्या मुलांचं हेच होतं म्हणे. झोपेत लाळ कमी होते, गिळणं मंदावतं, दूध वरच्या पुढच्या दातांभोवती साचून राहतं. खालचे दात बहुतेक वाचतात, कारण बूच चोखताना जीभ त्यांच्यावर पांघरूण घालून असते. सासूबाई म्हणाल्या, "दुधाचेच दात ना, पडतीलच." डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं की पुढचे सहा-सात वर्षांचा होईपर्यंत आणि दाढा दहा-बारापर्यंत त्याला वापरायच्या आहेत, आणि मागून येणाऱ्या दातांची जागाही हेच धरून ठेवतात.

त्या रात्री मी मोबाईलवर तीन सिपर मागवले. आमच्या न्यू जर्सीच्या नणंदेने एक सुचवला होता. तिकडे वर्ष-दीड वर्षात बाटली बंद करायला सांगतात, असं ती मोठ्या तोऱ्यात म्हणाली. (तिची लेक पुढे चार वर्षांची होईपर्यंत सिपर काखेत घेऊन हिंडत होती, हे मी मागच्या भेटीत पाहिलं.) त्यातला एक सिपर उलटा केला तरी सांडत नाही असा होता. सांडत नाही म्हणजे आत झडप असते, आणि ती उघडायला चोखावंच लागतं. म्हणजे बाटलीच, फक्त कान लावलेली. नळीचा त्यातल्या त्यात बरा होता, प्रवासात कामाला आला.

उपाय सापडला तो आंघोळीच्या वेळी. सासूबाई त्याला बादलीशेजारी बसवून फुलपात्राने अंगावर पाणी घालत होत्या. त्याने फुलपात्र ओढून घेतलं, बादलीत बुडवलं, डोक्यावर उलटं केलं, पुन्हा बुडवलं आणि तोंडाला लावलं. नाकातोंडात पाणी, ठसका, आणि मग हसू. मी धावले ते बादलीतलं पाणी पिऊ नये म्हणून. सासूबाईंनी मला हाताने थांबवलं आणि दुसऱ्या फुलपात्रात प्यायचं पाणी आणायला सांगितलं. "तळ झाकेल एवढंच आण."

फुलपात्राची घडण मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितली. काठ बाहेर वळलेला, त्यामुळे खालचा ओठ त्याच्यावर बरोबर बसतो, पाणी ओठाच्या कडेने गळत नाही. उंची एवढीच की तळाशी आलेलं पाणी प्यायला मान फार मागे टाकावी लागत नाही. पोटाशी निमुळतं, मुलाच्या दोन पंजांत मावेल असं. बाटली पिताना जीभ पुढे-मागे करून ओढते. पेल्यातून पिताना खालचा जबडा स्थिर धरायचा, ओठ काठावर मिटायचे, घोट आत घ्यायचा, श्वास थांबवायचा, गिळायचं, मग श्वास. मोठ्यांना हे काम वाटत नाही कारण आपण शिकल्याचं विसरलोय. बंडूला एकेका घोटाला मेहनत पडत होती, भुवया वर चढत होत्या.

आम्ही आठवडाभर फक्त आंघोळीच्या वेळी पाणी दिलं. तिथे सांडलं तर कुणाचं काय जातं? दूध सांडलं की माझा चेहरा बदलतो, हे त्याला कळत होतं. पाण्याचं तसं नव्हतं. मग मुगाचं कढण. ही सासूबाईंची युक्ती, त्यांच्या देवरुखच्या घरातली. पाण्यापेक्षा जरा दाट असल्याने ते जिभेवर सावकाश येतं, ठसका लागत नाही. मग ताक. दूध सगळ्यात शेवटी, आणि तेही आम्ही चहा पितो तेव्हा, आमच्याबरोबर बसून. त्याच्या दुधाला आम्ही चहा म्हणायचो. हे दुसरं खोटं, पण त्याबद्दल कावळ्याला त्रास दिला नाही.

पाळणाघराच्या ताईंशी बोलायची मला धास्ती होती. त्यांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी चार वाजता सातही मुलांना गोल बसवून स्टीलचे छोटे पेले दिले, प्रत्येकात दोन घोट. मी घरी जे दीड महिन्यात केलं ते तिथे चार दिवसांत झालं. पोरं आईकडे बघून शिकत नाहीत तेवढी शेजारच्या पोराकडे बघून शिकतात. ताई म्हणाल्या, "पुसायला एक फडका जास्त लागतो, बस."

जेवणाचंही याच सुमारास सुटलं. हिमोग्लोबिनच्या धाकाने दूध अर्ध्यावर आलं आणि तिसऱ्या दिवशी बंडूला भूक लागली. खरी भूक मी त्याच्यात पहिल्यांदा बघितली. वरण-भाताच्या ताटलीवर तो तुटून पडला. आता प्रश्न सांडलवंडीचा. सासूबाईंना अन्न पायाखाली आलेलं अजिबात खपत नाही. त्यांनी आपली एक विरलेली सुती साडी चौघडी करून जमिनीवर घातली, त्यावर पाट, पाटावर ताटली. जेवण झालं की चारी टोकं उचलून गॅलरीत झटकायची. शितं ग्रिलच्या बाहेरच्या कठड्यावर पडत आणि कावळे पाच मिनिटांत फस्त करत. म्हणजे काऊचा घास आता खरोखरच काऊला जायला लागला होता. पहिले काही दिवस बंडूपेक्षा त्यालाच जास्त.

उजव्या हाताने जेव, यावरून मात्र आमची खडाजंगी झाली. तो ज्या हाताला जे सापडेल ते उचलायचा. सासूबाई डावा हात धरून ठेवायच्या, मी सोडवायची. शेवटी तोडगा निघाला की दोन वर्षांपर्यंत दोन्ही हात उजवे.

भीती होती ती घशात अडकण्याची. ती अजूनही आहे. शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं, खोबऱ्याचे तुकडे त्याच्या आसपास येऊ द्यायचे नाहीत, हे डॉक्टरांनी बजावलं होतं. शेंगदाणा श्वासनळीत जाणं हे आपल्याकडचं जुनं दुखणं. त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती मला फार उपयोगी पडली. घास मागे गेला की मूल ओकारी काढल्यासारखं करतं, लाल होतं, खोकतं, आवाज करतं. तेव्हा बघत थांबायचं, तोंडात बोट घालायचं नाही, ते त्याचं तो पुढे आणतो. ज्या मुलाचा आवाज बंद होतो त्याच्याकडे धावायचं. पहिल्या महिन्यात भाकरीच्या पापुद्र्याने त्याला तशी उबळ तीनदा आली. तिन्ही वेळा मी पदर मुठीत आवळून उभी होते आणि तिन्ही वेळा त्याने घास पुढे आणून, बघून, पुन्हा तोंडात घातला.

हाताने भात खाणं ही काय कारागिरी आहे! बोटांची टोकं जुळवून कालवायचं, घासाला आकार द्यायचा, बोटांवर उचलायचा आणि तोंडापाशी नेऊन अंगठ्याने आत ढकलायचा. शेवटची ती अंगठ्याची ढकल सगळ्यात अवघड. बंडू कितीतरी दिवस घास तोंडाजवळ नेई आणि पंजा उघडून गालावर थापत असे. भात कानात सापडायचा. चमचा त्या मानाने लवकर आला, दीड वर्षाला, पण पालथा. वाटीतून उचललेला चमचा वाटेत मनगटातून फिरायचा आणि तोंडात कोरडाच जायचा. तो कोरडा चमचाही तो समाधानाने चाटत असे.

दिवसाच्या बाटल्या अशा एकेक करून गेल्या. दुपारची आधी, मग संध्याकाळची, मग सकाळची. उरली रात्रीची, झोपेची. तिला हात लावायची कुणाची हिंमत नव्हती. तीच बाटली दातांची वैरी होती आणि तिच्यामुळेच आम्हा तिघांना झोप मिळत होती. मी दुधात पाणी वाढवत नेलं. पोटभर जेवणाऱ्या, पावणेदोन वर्षांच्या मुलाला तेवढं चालतं. तान्ह्या बाळाच्या दुधात मात्र पाणी कधी घालू नये. दोन आठवड्यांत बाटलीत निव्वळ पाणी राहिलं. बंडू तेही चोखत झोपी जायचा. म्हणजे त्याला दूध नकोच होतं. त्याला ते चोखणं हवं होतं, आणि बाटली धरून बसलेली मी.

आणि मग ती साडेनऊची रात्र, आणि काऊ.

पहिल्या रात्री तो पाऊण तास रडला. नवऱ्याने त्याला खांद्यावर घेऊन घरभर फेऱ्या मारल्या. दुसऱ्या रात्री वीस मिनिटं. दोन्ही रात्री मी स्वयंपाकघरात जाऊन कपाटाच्या वर ठेवलेल्या बाटलीकडे बघून आले. एकदा तर स्टुलावर चढलेही. तिसऱ्या रात्री त्याने माझ्या कानाची पाळी दोन बोटांत धरली, चिमटीत, चांगली घट्ट, आणि ती चोळत चोळत झोपला. पुढे वर्षभर माझा डावा कान त्याच्या ताब्यात होता.

पुढे आकडे मी विचारायचे बंद केले, असं म्हणायला आवडलं असतं. पाळणाघराच्या वहीत ताई आता लिहायच्या, 'भात खाल्ला. ताक प्यायला.' किती भात? किती ताक? दोन-तीनदा विचारलं. त्यांनी हाताने वाटीसारखा खळगा करून दाखवला. तेवढ्यावर मी गाडीत बेरीज करायचा प्रयत्न केला. जमली नाही.

दाताला एक छोटं सिमेंट भरावं लागलं. हिमोग्लोबिन लोहाच्या थेंबांनी आणि जेवणाने चार महिन्यांत अकरावर आलं.

गेल्या दिवाळीआधी घराला रंग काढला. बंडू तेव्हा चार वर्षांचा होऊन गेला होता. रंगाऱ्याने कपाटावरचा एक खोका खाली दिला. त्यात झबली, कुंची, एक चांदीची वाटी आणि बाटली. मी ती खोक्यात परत सारणार एवढ्यात त्याने उचलली. उलटी सुलटी करून बघितली. बूच तोंडात घेतलं आणि चावलं. मग म्हणाला, "पाणी घाल यात." मी घातलं. त्याने पुन्हा बूच तोंडात धरलं, दात लावले, गाल आत ओढले, काहीच येईना. चोखायचं कसं ते तो साफ विसरला होता. "खराब आहे ही," तो म्हणाला, झाकण फिरवून बुचासकट काढून जमिनीवर ठेवलं, बाटली दोन्ही हातांनी धरली आणि मानेकडून पेल्यासारखी तोंडाला लावून घटाघटा रिकामी केली.

मग तिच्याकडे बराच वेळ बघत राहिला.

"काऊने परत दिली?"

"हो."

"कधी?"

"मगाशीच."

त्याने ताटलीतला पोळीचा उरलेला तुकडा उचलला आणि गॅलरीत गेला.